फ्लामा चार वेळा मेला का?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: 'रोमचे ग्लॅडिएटर म्हणजे गुलाम. दर लढतीत एकाचा मुडदा पडायचाच. आखाड्यात उतरताना ते सम्राटाला मरणाचा सलाम ठोकायचे. त्याने अंगठा खाली केला की खेळ खल्लास.'

आधी मुडद्याचं बघू. फ्लामा नावाच्या सीरियन ग्लॅडिएटरच्या थडग्याचा दगड सिसिलीत सापडलाय. त्याच्या आखाड्यातल्या सोबत्याने त्यावर अख्खा हिशेब कोरलाय: वय ३०, लढती ३४, जिंकल्या २१, बरोबरीत ९, हरूनही जीवदान मिळालं ४ वेळा. हार म्हणजे मरण असतं, तर हा गडी चार वेळा मेला असता.

जीवदानामागे दयेपेक्षा पैसा जास्त होता. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस एका कराराचं उदाहरण देतो. भाड्याने आणलेला ग्लॅडिएटर धडधाकट परतला तर 'घामाचे' २० दिनार द्यायचे, मेला किंवा अधू झाला तर १०००. दर लढतीला पन्नास पट भुर्दंड कुठल्या आयोजकाला परवडेल? जॉर्ज व्हिल या फ्रेंच अभ्यासकाने पहिल्या शतकातल्या १०० लढती मोजल्या. उतरलेल्या २०० जणांपैकी मेले १९. पुढच्या शतकांत हे प्रमाण वाढलं, हेही खरं.

गुलाम? पुष्कळसे होतेच, शिवाय युद्धकैदी आणि गुन्हेगारही. पण स्वतंत्र माणसंही आपखुशीने करार करायची, आणि त्यासाठी शपथ घ्यायची ती डागणी, बेड्या, फटके आणि तलवारीने मरण सोसायची! पाँपेई या रोमन शहरातल्या भिंतीवर खरडलेलं एक चित्र आहे. त्यातला मार्कुस आट्टिलियुस नावावरून तरी स्वतंत्र नागरिक वाटतो. पहिल्याच लढतीत या नवख्याने १४ पैकी १२ लढती जिंकलेल्या हिलारुसला लोळवलं. हिलारुस जिवंत सुटला.

सलामाचा किस्सा तर भलताच आहे. तो घडला इ.स. ५२ मध्ये, इटलीतल्या फुचिनो तलावावर. लुटुपुटीच्या नौकायुद्धासाठी आणलेले ते लोक मृत्युदंडाचे कैदी होते, ग्लॅडिएटर नव्हेत. 'मरायला निघालेल्यांचा तुला सलाम,' ते म्हणाले. सम्राट क्लॉडियस उत्तरला, 'किंवा नाहीही.' कैद्यांनी त्याचा अर्थ माफी असा घेतला आणि लढायलाच नकार दिला. मग सम्राट स्वतः काठाकाठाने लंगडत धावला, थोडं धमकावत, थोडं चुचकारत. ग्लॅडिएटर रोज असा सलाम करत, याला पुरावा नाही.

अंगठ्याचं थोडक्यात: जुन्या लेखनात 'वळवलेला अंगठा' एवढंच येतं, वर की खाली ते नाही. खाली झुकलेला अंगठा आपल्या डोक्यात रुजवला तो मुख्यतः जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्राने.

आता मिलानचा एक थडग्याचा दगड. उर्बिकुस, वय २२, लढती १३. मागे बायको लाउरिकिया आणि दोन लेकी, त्यातली एक पाच महिन्यांची. त्याच दगडावर इतर ग्लॅडिएटरांना सल्ला कोरलाय: ज्याला हरवाल, त्याला मारूनच टाका.