हेड 1 मिमी कापलं म्हणजे कॉम्प्रेशन 10 होत नाही

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 चं हेड (सिलिंडरवरचं झाकण) 1 मिमी प्लेन केलं म्हणजे घासलं, कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) 10 झाला, पिकअप वाढला, शिवाय ई20 पेट्रोलवर (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणाऱ्या खडखडीची, चिंताच नाही. मी उगाच भीती घालतो, असंही तुम्ही म्हणता.

आधी हिशेब करू. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 72 मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे 265.3 सीसी. मूळ रेशो 8.7, म्हणून पिस्टन वर असताना उरणारी जागा 34.5 सीसी. हेडमधल्या चेंबरचं (जिथे मिश्रण जळतं त्या खळग्याचं) तोंड बोअरपेक्षा लहान असतं. ते 30 चौरस सेंमी धरलं, तर 1 मिमीला 3 सीसी जातात आणि रेशो 9.4 होतो. पूर्ण बोअरएवढं धरलं तरी 9.6. खरा आकडा हवा असेल तर व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवा, कडेला ग्रीस लावून भोकाची ॲक्रिलिक पट्टी दाबा आणि बुरेटने रॉकेल भरून तिन्ही चेंबर मोजा. कॉम्प्रेशन गेजवरचा आकडा म्हणजे रेशो नव्हे.

8.7 वरून 9.4 वर गेल्याने कागदावर कार्यक्षमता जेमतेम 2 टक्के वाढते. तुम्हाला जाणवलेला पिकअप बहुधा त्याच वेळी काढलेल्या कार्बनचा, लॅपिंग केलेल्या (घासून घट्ट बसवलेल्या) व्हॉल्व्हचा आणि हेडखालच्या नव्या गॅस्केटचा आहे.

ई20 चा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची क्षमता) जास्त, हे बरोबर. पण इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (इंधन मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. जेट न बदलता रेशो वाढवला, तर चढावर लोड पडल्यावर खडखड ऐकू येऊ शकते.

कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग तुम्ही धरलंच नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) जवळ येतो आणि दोघांना जोडणाऱ्या बेल्टवर टायमिंग मागे पडतं. कॅमची पुली 100 मिमी व्यासाची असेल तर 1 मिमीला क्रँकचे सुमारे सव्वादोन अंश. एवढ्याने खालच्या आरपीएमचा जोर कमी होतो. म्हणजे मिळवलेलं इथे जातं. एक दात सरकवून ते जुळत नाही, दात फार मोठा पडतो. ॲडजस्टेबल पुली लागते.

हेडचे बोल्ट आंधळ्या भोकात तळाला टेकत नाहीत ना, तेही बघा. टेकले तर टॉर्क रेंच कट्ट म्हणतो, पण गॅस्केट दाबलं जात नाही आणि पाणी ऑईलमध्ये उतरतं.

हेड 0.05 मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल, तर सरळ होईल इतकंच घासून घ्या.