ग्रामसभेचा ठराव ‘कुणीच रद्द करू शकत नाही’?

“लोकसभेपेक्षा ग्रामसभा मोठी. गावाने एकदा ठराव केला की तो कायदा. कलेक्टर सोडा, सुप्रीम कोर्टही तो रद्द करू शकत नाही. न पाळणाऱ्याला गाव दंड करू शकते. पुढे पाठवा!” अशा आशयाचा संदेश धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या गावगटांवर फिरत असतो आणि ग्रामसभा जवळ आली की जास्तच फिरतो. लिहिणाऱ्याला गावाची कदर असेल, पण नसलेला अधिकार फुगवून सांगण्याच्या नादात हातात असलेला अधिकार कुणाला दिसतच नाही.

आधी ‘ठराव म्हणजे कायदा’. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. संदेशवाले याच घटनेचा दाखला देतात, पण २४३-क हा अनुच्छेद उघडत नाहीत. तो एका वाक्याचा आहे: राज्याचे विधिमंडळ कायद्याने जे अधिकार देईल ते ग्रामसभेने गावपातळीवर वापरायचे. आपल्याकडे हा कायदा म्हणजे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या बाहेर केलेला ठराव म्हणजे गावाने व्यक्त केलेली इच्छा. ती सरकारला कळवा, शंभर वेळा कळवा, पण तिला कायदा म्हणू नका.

‘कुणी रद्द करू शकत नाही’ हे तर सरळच चूक. ठरावाने लोकांना इजा किंवा शांततेला धोका होत असेल तर जिल्हाधिकारी अंमलबजावणी थांबवू शकतात. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा रस्ताही उघडाच असतो.

यावर हमखास उत्तर येते, “मग नियमगिरीचं काय?” ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही, हे खरेच. पण त्या ग्रामसभा भरल्या सुप्रीम कोर्टाच्याच निकालावरून, आणि त्यांच्या पाठीशी २००६ चा वनहक्क कायदा होता. ग्रामसभा कोर्टापेक्षा मोठी असल्याचा हा पुरावा कसा होतो, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही.

आता दंड. कापसाची वेचणी संपत आली की बाहेरगावचे कळप शिवारात उतरतात आणि कुठल्या ना कुठल्या गावात ‘बाहेरच्या मेंढरांना गावबंदी, मोडल्यास पाच हजार दंड’ असा ठराव होतो. मग पारावर ऐकू येते, “ठराव व्हई गया, आते कोन काय करी?” करणारा काहीच करत नाही, तो फक्त दंड भरत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई वसुलीला जाणार कोणत्या कलमाखाली? देशात कुठेही फिरायचा हक्क घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने मेंढपाळालाही दिलेला आहे, आणि पंचायतीला कर किंवा फी लावायची तर ती कायद्यात आणि नियमात बसणारीच लागते. सभेत सुचेल तो आकडा चालत नाही.

पण पीक खाल्ले जाते हे दुखणे खरे आहे, आणि त्यावरचा उपाय ग्रामपंचायत कायद्यातच पडून आहे: कोंडवाडा. पिकात सापडलेली जनावरे धरून आत घालायची, मालकाने फी आणि चाऱ्या-पाण्याचा खर्च भरून सोडवून न्यायची. पावती फाडली की वसुली कायदेशीर. कित्येक गावांत मात्र कोंडवाड्याच्या तीन भिंती उभ्या आहेत आणि चौथीचे दगड कुणाच्या तरी ओट्यात बसले आहेत. गावबंदीच्या ठरावाऐवजी ती चौथी भिंत आणि एक फाटक बांधायचा ठराव करा. तो मोडायला कुणी कोर्टात जाणार नाही.

दंड भरला नाही तर वाळीत टाकू, असेही कुठे कुठे बोलले जाते. जातपंचायतींच्या जाचामुळे राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का मारल्याने बहिष्कार काही पवित्र होत नाही.

मग कायद्याचे बळ नसलेले ठराव फुकट जातात का? मुळीच नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखायचे नियम स्वतःच घालून घेतले आणि पाळले. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे गाव ऐकले ते पटले म्हणून.

‘ग्रामसभेत हात वर केले की दारूचे दुकान बंद’ हा दावा सर्वांत घातक, कारण त्यावर विसंबून बायका हरतात. परवानाधारक दुकानासाठी २००८ च्या आदेशाची पद्धत वेगळी आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांसह मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान: आडवी बाटली (दुकान बंद) की उभी बाटली (दुकान चालू). आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते लागतात ती एकूण महिला मतदारांच्या, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आपल्याकडे दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. तेव्हा मतदान लागले तर दुकानदाराला प्रचारही करावा लागणार नाही. तारीख कोणती मिळते यावर डोळा ठेवा. हातभट्टीला मात्र मतदान-बितदान काही लागत नाही, तो मुळातच गुन्हा आहे.

आदिवासी पट्ट्यात चित्र थोडे वेगळे आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर आणि शहादा, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेरमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा, आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि गौण वनोपज, दारू, सावकारी यांत तिच्या शब्दाला वजन आहे. तरी भूसंपादनाच्या बाबतीत पेसात शब्द आहे तो विचारविनिमयाचा. तोच संदेश रावेरच्या केळीवाल्या गावालाही आणि धडगावच्या पाड्यालाही जसाच्या तसा पाठवणाऱ्याने निदान एवढा फरक करावा.

राहिला ‘ग्रामसभा म्हणजे अख्ख्या गावाचा आवाज’ हा दावा. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यात जे कमी ते. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग पंधरा-वीस जणांत घरकुलाची यादी आणि वर्षाचा विकास आराखडा ‘सर्वानुमते मंजूर’ होतो. तो ठराव मात्र अगदी कायदेशीर असतो, कारण लाभार्थी निवडणे आणि आराखड्याला मंजुरी देणे हे ग्रामसभेचे खरेखुरे अधिकार आहेत. संदेश पुढे पाठवणारे त्या दिवशी असतात कुठे?

आणि असतील तर सही करताना जरा खाली बघा. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, शेवटच्या ठरावानंतर चार बोटे कोरी जागा सुटलेली दिसली तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा; ‘ऐनवेळचे विषय’ तिथेच उगवतात. प्रत्येक ठरावाखाली सूचक-अनुमोदकाचे नाव आहे ना, पाहा. नंतर सत्यप्रत मागताना अर्जात सभेची तारीख आणि ठराव क्रमांक लिहा. ‘मागच्या सभेतला तो रस्त्याचा ठराव’ असे लिहिले तर उत्तर ठरलेले असते: माहिती स्पष्ट नाही.