हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!

थर्मामीटर काखेत धरून बाबा चांगली दहा-बारा मिनिटं बसले होते. "अजून वाजलं नाही," म्हणाले. पलीकडच्या खोलीतून लेक ओरडली, "आजोबा, कधीचं वाजलंय ते!" मी दारातच होते, मलाही ऐकू आलं होतं. आणि त्याच्या जरासं आधी, बाहेर फोनवर हळू आवाजात बोलणाऱ्या माझ्या नवऱ्याला बाबांनी इथून बसल्या बसल्या उत्तर दिलं होतं. मग मी ते वाक्य बोलले, जे म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं जातं: "हवं तेवढं बरोबर ऐकू येतं तुम्हाला!"

हे वाक्य मला परत घ्यायचंय. म्हणून ही पोस्ट. लांबलीय, आधीच सांगते.

त्यानंतर महिन्याभराने बाबांच्या कानांची तपासणी झाली. ऑडिओग्राम नावाचा कागद पहिल्यांदाच नीट पाहिला. डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे टिपेचे. हे मोजतात हर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका सूर बारीक. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. रेघ जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला असं समजायचं. बाबांची रेघ १,००० हर्ट्‌झपर्यंत वरच्या वर, जवळजवळ तरण्या माणसासारखी. २,००० नंतर घसरगुंडी. ४,००० वर तर तळाकडेच निघालेली. नवऱ्याचा घुमणारा आवाज त्या सपाट भागात बसतो. थर्मामीटरमधला इवलासा बझर साधारण २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात सगळ्यात जोरात वाजतो, म्हणजे नेमका घसरगुंडीवर. त्यात तो काखेत, कपड्याखाली दबलेला. बाबा सोंग करत नव्हते. त्यांच्यापुरतं ते वाजलंच नव्हतं.

आता थोडं कानाच्या आत. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आवाज जिथून आत शिरतो त्या तोंडाशी बारीक, टिपेचे आवाज टिपले जातात आणि आत टोकाला खर्ज. आवाजाच्या लाटा या नळीत कशा धावतात हे दाखवल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. टिपण्याचं काम करणाऱ्या केसपेशी एका कानात पंधरा-सोळा हजार असतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण एवढीच पुंजी घेऊन आपण जन्माला येतो. गेलेली पेशी माणसाला परत उगवत नाही. पक्ष्यांना उगवते! (निसर्गाच्या वाटपाबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, त्यात ही वरच्या नंबरात.) आणि झीज सुरू होते ती बहुतेक वेळा तोंडाकडून, म्हणजे टिपेकडून. वय असो, वर्षानुवर्षांचा गोंगाट असो किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक, सिसप्लॅटिनसारखं कॅन्सरवरचं औषध असो, पहिला घाव साधारण त्याच बाजूला बसतो.

म्हणूनच ते व्हिडिओ चालतात. "तुमच्या कानांचं वय किती?" १२,००० ऐकू आलं तर पन्नाशीच्या आतले, १५,००० ऐकू आलं तर चाळिशीच्या आतले, वगैरे. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हा प्रकार दर सहा महिन्यांनी फिरतो आणि दरवेळी साठी उलटलेले एक काका छातीठोकपणे लिहितात, "मला २०,००० स्पष्ट ऐकू आलं." काका, राग मानू नका. बऱ्याचदा ऐकू येते ती सूर सुरू होतानाची 'टक्', नाहीतर स्पीकरची खरखर. फोनचा स्पीकर तिथवर नीट पोचत नाही. फॉरवर्ड होता होता फाइल इतकी दाबली जाते की १६,००० च्या वरचं बहुतेक वेळा कापूनच टाकलेलं असतं. उलटही होतं. पोरगं बिचारं घाबरतं की आपल्याला काहीच ऐकू येत नाही, आणि तिथे वाजतच काही नसतं. तपासणीच्या खोलीतली यंत्रं मोजून-मापून जुळवलेली असतात, ती काय उगीच?

मी स्वतः सत्तेचाळीस वर्षांची. बऱ्या हेडफोनवर साडेबारा-तेरा हजारांपुढे शांतता. लेक सोळा हजारांवर कान झाकून पळाली. लहानपणी मला बंद दाराबाहेरून कळायचं की आत टीव्ही सुरू आहे, आवाज पूर्ण बंद असला तरी. जुन्या डबा टीव्हीतून एक बारीक शिट्टी यायची: ६२५ रेषांचं चित्र सेकंदाला २५ वेळा, म्हणजे १५,६२५ हर्ट्‌झ. मोठी माणसं म्हणायची, "काहीतरीच काय!" तो टीव्ही आज समोर आणून ठेवला तर मीही तेच म्हणेन.

पण गेलं तर गेलं, त्याने अडतं काय? पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी ४,१८६ हर्ट्‌झवर वाजते. दहा हजार ते वीस हजार हे आकड्यात अर्धं राज्य वाटतं, सुरांच्या हिशेबात ते फक्त एक सप्तक. संगीताची थोडी झळाळी कमी होते, बस्स. तरी सगळी चर्चा या बिनकामाच्या सप्तकाभोवती. ब्रिटनमध्ये हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये 'मॉस्किटो' नावाचं यंत्रच काढलं. साधारण १७,४०० हर्ट्‌झचा कर्कश सूर सोडून दुकानासमोर रेंगाळणाऱ्या तरुण पोरांना हुसकवायचं, मोठ्यांना पत्ताही लागत नाही. २००६ चं विनोदी इग नोबेलही मिळालं त्याला. मला त्यात विनोद दिसत नाही. आईच्या कडेवरच्या तान्ह्याला तो सूर ऐकू येत असणार, ते रडणार, आणि आईला कारण सापडणार नाही.

हा खेळ तसा जुना आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ च्या सुमारास अशी टिपेची शिट्टी बनवली होती, काठीत बसवून तो ती प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांपुढे वाजवत हिंडायचा. माणसांवरही त्याने ती वाजवली. त्याला आढळलं की वय झालेल्यांना टिपेचं ऐकू येत नाही, आणि खर्ज शाबूत असेपर्यंत त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. सांगितलं तर चिडतात. त्याला या चिडण्याची गंमत वाटली होती. थर्मामीटरच्या दिवशी मीही त्याच पंगतीत बसले.

कारण खरी हानी वीस हजारांवर होत नाही, ती खाली, दोन ते आठ हजारांत होते. बोलण्यातले स्वर, आ, ओ, ऊ, हे जाड आणि खालच्या पट्टीतले. बोलण्याचा आवाज त्यांच्यामुळे पोचतो. पण शब्द कोणता हे ठरवतात स, श, फ, थ, त, क यांच्यासारखी पातळ व्यंजनं. त्यातला 'स' तर चार हजारांच्या वरच बहुतेक राहतो. ही व्यंजनं पुसली गेली की माणसाला कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'साठ' चं 'आठ' होतं. ज्यांचे कान ठणठणीत आहेत त्यांनी साधा फोन आठवावा. जुनी लाइन फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ पलीकडे पोचवायची. म्हणून तर नाव सांगताना "सशाचा स, फणसाचा फ नाही" असं करावं लागायचं. बाबा दिवसभर तसल्या फोनवर असतात. त्यात पंखा सुरू असेल, चौघं एकदम बोलत असतील, तर संपलंच.

मग आपण ओरडतो. इथे माझी सगळ्यात मोठी चूक. ओरडल्यावर 'आ' मोठा होतो, 'स' फारसा वाढत नाही. वर एक विचित्र गोष्ट: या प्रकारच्या बहिरेपणात हळू आवाज ऐकूच येत नाही आणि आवाज जरा वाढला की एकदम अंगावर येतो, मधली जागाच आकसलेली असते. "काय म्हणालीस?" विचारणारे बाबा पुढच्याच वाक्याला "ओरडतेस कशाला?" म्हणायचे, आणि मला वाटायचं हे मुद्दाम चाललंय.

आता समोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलते. नाही कळलं तर तेच वाक्य तीनदा फेकण्यापेक्षा शब्द बदलते. श्रवणयंत्र घेतलंय. गेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, पण 'स' बराचसा परत आला. पहिल्या आठवड्यात बाबा कागदाच्या चुरचुरीवर वैतागले होते. कागदाला एवढा आवाज असतो हे ते विसरले होते.

थर्मामीटर लावताना मात्र ते यंत्र काढून ठेवतात, का ते विचारू नका. मग लेक शेजारी बसते आणि वाजलं की खांद्यावर टिचकी मारते. परवा त्यांनी तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं.

"खरंच वाजतं का गं ते, की तुम्ही दोघी मिळून मला बनवताय?"