तिकडे बघू नका!

नवा पदार्थ मुलाच्या ताटात वाढला की त्या पदार्थाकडे, मुलाकडे आणि त्याच्या चमच्याकडे मुळीच टक लावून बघायचं नाही, असं जाणकार सांगतात. ताटात एकुलता एक वाटाणा, चिरंजीव त्याला बोटाने ढकलत कडेलोटाच्या तयारीत, आणि आईने पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या! त्यापेक्षा तीन अंकी शोकांतिका करणं सोपं. तिथे निदान रडायची परवानगी असते.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणातल्या जबाबदाऱ्यांची वाटणी करून दिली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. वाटणी न्याय्यच म्हणायची. आमच्या वाट्याला स्वयंपाक आणि भांडी आली, त्याच्या वाट्याला नकाराधिकार.

साधारण २ ते ६ या वयात नव्या खाण्याची धास्ती सगळ्यात जास्त असते. मूल पायांवर फिरू लागलं की हाताला लागेल ते तोंडात घालणार. अशा वेळी अनोळखी, कडू लागलं की थुंकून टाकणारी पोरं रानावनात तगली असणार, असा तर्क मांडतात. मला तो पटतो. थुंकलेला ऐवज माझ्या तळहातावर पडतो, तेव्हा मी तो स्वतःला पुन्हा एकदा पटवते.

उपाय तसा कंटाळवाणा आहे. तोच पदार्थ चिमूटभर, ओळखीच्या आवडत्या पदार्थाशेजारी, पुन्हा पुन्हा वाढत राहायचं. जीभ सरावायला ८ ते १५ वेळा चव घ्यावी लागू शकते, आणि बहुतेक घरांत तिसऱ्याच दिवशी ‘त्याला नाही आवडत’ असा निकाल लागून प्रकरण बंद होतं. नुसतं हुंगलं, चाटलं तरी चालतं. नाहीच आवडलं तर रुमालात गुपचूप थुंकायची मुभा.

मी एकटीने संयम ठेवून भागत नाही, कारण जेवायला सगळं घर बसतं. सासरे म्हणतात, “खा रे, ताकद येते!” सासूबाई घास घेऊन त्याच्या मागे निघतात. नवरा थेट सौदा करतो, “भाजी संपव, मग आइस्क्रीम.” असल्या सौद्याने आइस्क्रीमचा भाव चढतो आणि भाजीचा आणखी पडतो. पोराचं तरी काय चुकलं? जे खाण्यासाठी लाच द्यावी लागते, ते चांगलं कसं असेल?

हा सौदागर स्वतः चाळिशी ओलांडूनही वांग्याला शिवत नाही. “बुळबुळीत लागतं.” मुलं मोठ्यांचं बघून खायला शिकतात, म्हणून परवा मी त्याच्याही ताटात वांग्याची एक फोड वाढली आणि नियमाप्रमाणे दुसरीकडे बघत बसले. त्याने ती भाताखाली सरकवली. आजी-आजोबाही कधी नव्हे ते गप्प होते.

सगळं घर नियम पाळत असताना एकटे चिरंजीव मात्र रोखून बघत होते. मग त्यांनी आपला रुमाल बाबांपुढे सरकवला.

“नुसतं चाटून बघ, बाबा. नाही आवडलं तर यात थुंक. थोडासाच ओला आहे.”