‘पगारी भाट’ या कमेंटला उत्तर (लांबलंय, नाइलाज आहे)

नमस्कार स्पष्टवक्तेबाब,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही म्हणून सहीतल्या टोपणनावालाच बाब लावतोय, राग नसावा. सतराव्या शतकातल्या वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकारावरच्या माझ्या लेखाखाली तुमची कमेंट रात्री पावणेबाराला पडली, मी ती सकाळी पाववाला पोदेर येऊन गेल्यावर वाचली आणि हातातला चहा तसाच गार झाला. बाकीच्यांना कळावं म्हणून जशीच्या तशी देतो:

‘स्पेनच्या राजाची थोबाडं रंगवून पगार खाणाऱ्या भाटाला थोर म्हणायचं म्हणजे चारशे वर्षांनंतरही गुलामीच. लास मेनिनासचं साल चुकलंय. त्याच्या घरी गुलाम होता ते सोयीस्कर गाळलंय. आणि गोव्याच्या चित्रकारांवर लिहायला शाई संपते का हो तुमची?’

आधी साल. लास मेनिनास या त्याच्या प्रसिद्ध चित्राचं मी 1658 लिहिलं होतं, ते 1656 आहे. बरोबर पकडलंत, दुरुस्त केलंय, आभार. चूक दाखवली तर मी मान्य करतो, ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ते माहीत आहे.

आता मुद्द्याकडे. म्हणजे मुद्द्याकडे जायच्या आधी ‘थोबाडं’ या शब्दाकडे. चेहरे म्हणता आलं असतं, तोंडं म्हटलं असतंत तरी चाललं असतं. मी तुमच्याशी कधी वाकडं बोललो नाही, तुमची माझी ओळखही नाही, मग पहिल्याच ओळीत हात उगारून यायचं कारण काय? माणसाला एखादा लेख पटला नाही तर तो ‘पटलं नाही’ असं लिहितो. तुम्ही मला गुलाम म्हणालात. म्हणजे वेलास्केझ भाट आणि मी त्या भाटाचा भाट.

आणि भाट म्हणालात म्हणून सांगतो, आमच्या गोव्यात भाट म्हणजे माडांची बाग आणि त्या बागेचा मालक तो भाटकार. फोंड्याला राहता म्हणजे हे तुम्हाला मी सांगायला नको. माझे बाबा एका भाटकाराचे मुंडकार होते. आमचं घर त्याच्या जमिनीत, विहिरीचं पाणी त्याच्या विहिरीचं, माडाखाली पडलेला सोडणसुद्धा विचारून उचलायचा. आणि बाबा होते पेंटर. म्हापशाच्या बाजारातल्या दुकानांचे बोर्ड, जत्रेतल्या नाटकांचे पडदे (राजवाडा, जंगल, रस्ता, तीनच, पण राजवाड्याचे खांब असे काढायचे की पुढच्या रांगेतली पोरं हात लावायला जायची), आणि मधूनमधून पोर्ट्रेट. बहुतेक मेलेल्या माणसांची. पासपोर्ट फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच पण मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन भरत जायचं. घरात कायम अळशीच्या तेलाचा वास, आईच्या फोडणीलाही तो वास यायचा असं आम्ही म्हणायचो.

तर 1974 च्या सुमारास त्या भाटकाराने स्वतःचं पोर्ट्रेट सांगितलं. साडेतीनशे ठरले, पन्नास आगाऊ. पाच दिवस पात्रांव (मालकाला आम्ही असंच म्हणायचो) आमच्या बाल्कांवावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसले. उजव्या नाकपुडीजवळ हरभऱ्याएवढा मस होता त्यांच्या. कोट नव्हता, अंगात नुसता बनियन असायचा, तर कोट बाबांनी मनाने घातला, घड्याळाची साखळीही घातली, पण मस ठेवला. पात्रांव म्हणाले, हा काढ. बाबा म्हणाले, काढला तर तुम्ही दिसणार नाही. बस, एवढंच बोलणं. चित्र परत आलं, तीनशे कधीच आले नाहीत, आणि त्या वर्षी पावसात आमच्या घराची कौलं शाकारायला परवानगी मिळायला जुलै उजाडला. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, गळतीखाली टोप लावून झोपलोय. त्यामुळे पोर्ट्रेट काढणारा आणि पोर्ट्रेट सांगणारा यांच्यात काय चालतं ते मला कमेंट बॉक्समध्ये शिकवू नका, प्लीज.

आता हा वेलास्केझ कसला भाट ते बघा. सेव्हिलमध्ये जन्म, 1599 चा. पाचेको नावाच्या चित्रकाराकडे शिकला, त्याच्याच मुलीशी लग्न केलं, आणि 1623 मध्ये, चोविसाव्या वर्षी, माद्रिदला फिलिप चौथ्याचा दरबारी चित्रकार झाला. राजा तेव्हा अठरा वर्षांचा पोरगा. त्या दिवसापासून 1660 मध्ये मरेपर्यंत हा त्याच्याच नोकरीत. सदतीस वर्षं एकाच माणसाचा चेहरा. पगार होता, खरंय. तो वेळेवर मिळायचा नाही हेही खरंय, तुम्ही ‘पगार खाणारा’ लिहिलंत म्हणून सांगितलं. दरबाराच्या यादीत त्याची जागा राजाच्या न्हाव्यांच्या बरोबरीला होती. आणि चित्रकलेवर भागत नव्हतं म्हणून (आणि मान हवा होता म्हणूनही, ते नाकारत नाही) एकेक दरबारी काम घेत गेला. 1652 मध्ये राजवाड्याच्या खोल्यांचा मुख्य व्यवस्थापक झाला. म्हणजे कुठल्या खोलीत कोण झोपणार, सरपण आलं का, राजा प्रवासाला निघाला तर मुक्कामाची सोय झाली का. जगातला एक नंबरचा चित्रकार सरपण मोजत होता, म्हणून तर चित्रं जेमतेम शंभर-सव्वाशे.

शेवटही त्यातच झाला. 1660 मध्ये राजाच्या मुलीचं फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी लग्न ठरलं, दोन्ही देशांच्या सीमेवरच्या नदीत एक बेट आहे तिथे भेटीचा सोहळा, आणि तिथली सगळी सजावट याच्या गळ्यात. माद्रिदला परत आला, आजारी पडला आणि 6 ऑगस्टला गेला. आठवड्याभरात बायकोही गेली.

पण तुमचा आक्षेप तो नाहीच, तुमचा आक्षेप खुशामतीचा आहे. तर ऐका. 1653 मध्ये या राजाने एका ख्रिस्ती जोगिणीला पत्र लिहिलंय. त्यात तो म्हणतो की माझं चित्र काढून नऊ वर्षं झाली, आणि वेलास्केझच्या त्या थंड संथपणापुढे बसायची मला इच्छा नाही, स्वतःला म्हातारं होताना बघायचीही नाही. स्पष्टवक्तेबाब, ज्या भाटासमोर बसायची राजालाच भीती वाटते, तो कसला भाट? भाटापुढे माणूस रोज बसेल, आरसा सोडून भाटाकडेच जाईल! पोप इनोसंट दहावा, त्याचं चित्र याने 1650 मध्ये रोमला काढलं, तो म्हणे ते बघून म्हणाला, फारच खरं आहे. ही ऐकीव गोष्ट आहे, पण ते चित्र बघितलं की खोटी वाटत नाही. लाल टोपी, लाल आसन, मागे लाल पडदा, आणि मधे ते दोन डोळे, तलाठ्याच्या ऑफिसात कागद अर्धवट घेऊन गेल्यावर समोरचा बघतो तसे.

मी स्वतः माद्रिदच्या प्रादो म्युझियमला जाऊन आलोय. हे मिरवायला सांगत नाही, पण तुम्ही गेलाय का ते तुमच्या कमेंटवरून कळत नाही म्हणून विचारतो. 2018 मध्ये माझी मावसबहीण लिस्बनला (आता आमचा निम्मा बार्देस तालुका तिकडेच आहे) तिच्याकडे राहिलो आणि रात्रीच्या बसने माद्रिदला गेलो. संध्याकाळी सहा ते आठ फुकट सोडतात, त्या रांगेत उभा राहिलो, आपण गोंयकार, फुकट असेल तर उभे राहणारच. आत फोटो काढू देत नाहीत ते एक बरं झालं. लास मेनिनास दहा फुटांपेक्षा उंच आहे, पण मी जास्त वेळ उभा राहिलो तो सेबास्तियान दे मोरा नावाच्या ठेंगण्या माणसासमोर. दरबारात असे लोक करमणुकीला ठेवायचे. हा जमिनीवर बसलाय, पाय सरळ पुढे, बुटांचे तळवे आपल्याकडे, बाहुलीला बसवतात तसा. दोन्ही मुठी मांडीवर दाबलेल्या. आणि बघतोय तो सरळ आपल्याकडे. हसत नाही, दया मागत नाही. काय बघतोस, म्हणतोय. तुम्ही जवळ जा, कॉलरची लेस म्हणजे नुसते पांढरे फराटे आहेत, बोटभर रुंद, ओबडधोबड. चार पावलं मागे या, लेस. बाबांचे चौकोन आठवले मला तिथे. बाबा एकेक चौकोन घासत बसायचे, हा माणूस हाताच्या एका झटक्यात मोकळा.

ज्याला विदूषक म्हणून पाळलंय त्याला राजाएवढीच इज्जत देऊन रंगवणारा माणूस खुशामत करत होता म्हणायचं? आणि लास मेनिनासमध्ये राजा-राणी कुठे आहेत? मागच्या भिंतीवरच्या आरशात, धूसर, आपल्या तळहाताएवढे वाटावेत असे. स्वतः मात्र हा डावीकडे ब्रश घेऊन अंगभर उभा. छातीवरचा लाल क्रॉस तेवढा नंतरचा, 1659 मध्ये सांतियागो या मानाच्या संघाचा सरदार झाल्यावरचा. त्यासाठीसुद्धा शंभरावर साक्षीदार तपासले, की बाबा हा पैशासाठी चित्रं विकत नाही ना, दुकान नाही ना मांडलेलं. मित्रांनी नाही म्हणून सांगितलं. हे तुम्ही म्हणाल, खोटं बोलून मिळवलं. असेल. माझ्या बाबांनी दुकान मांडलं होतं, त्यांना कुणी क्रॉस दिला नाही.

खरा भाट बघायचाय? लांब जायला नको, जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये जा. पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं ओळीने लावलीत, 1547 मध्ये त्यांच्यातल्याच जुवांव दे काश्त्रूने ती प्रथा सुरू केली, पुढे कितीदा त्यांच्यावर रंग चढवला गेला. अर्ध्याअधिक चित्रांत काठी तीच, चिलखत तेच, वर घराण्याचं चिन्ह, आणि दाढी बदलली की माणूस बदलला. त्यातला लिन्यारिशचा काउंट याच फिलिप चौथ्याच्या नेमणुकीचा. हो, तोच फिलिप. पोर्तुगाल 1640 मध्ये स्पेनपासून फुटेपर्यंत गोव्याचाही राजा तोच होता, आणि पणजीहून रायबंदरला जाणारा लांबलचक पूल त्या काउंटाने 1633-34 मध्ये त्याच्याच राजवटीत बांधला. मी रोज त्यावरून स्कूटरने जातो. तुम्हीही कधीतरी गेला असालच. मग तीही गुलामीच का? की मांडवीतून पोहत जायचं?

बरं, राहिले बाकीचे मुद्दे. गोव्याच्या चित्रकारांवर शाई संपते म्हणालात. त्रिंदादवर मी दोन भाग लिहिलेत, पणजीच्या फोंतेन्यातल्या फुंदासांव ओरियेंत या संस्थेत तीन सकाळी घालवून. दोन्ही भागांना मिळून कमेंट किती? चार. त्यातली एक माझ्याच भाच्याची. त्यात तुमची नव्हती. आंजेलो द फोन्सेकावरचा लेख बघा, लक्ष्मण पैंवरचा बघा. शाई संपत नाही हो, वाचणारे संपतात.

गुलामाचं. हो, हुआन दे पारेखा त्याचा गुलाम होता, स्वतःही चित्रं काढायचा, वेलास्केझने त्याचं चित्र रोमला 1650 मध्ये काढलं आणि त्याच वर्षी त्याच्या मुक्तीच्या कागदावर सही केली, चार वर्षं आणखी काम करायच्या अटीवर. मी लेखात लिहिलं नाही कारण लेख आधीच बावीसशे शब्दांचा झाला होता आणि विषय दरबारातल्या नोकरीचा होता. ‘सोयीस्कर’ हा तुमचा शब्द. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, आता तुमच्या कमेंटखाली दबून लिहिणार नाही.

कमेंट उडवणार नाही, राहू दे. पुढच्या वेळी नाव टाकून लिहा मात्र. आणि फोंड्याहून म्हापशाच्या बाजूला आलात तर घरी या, खरंच सांगतो, रागाने नाही. ते परत आलेलं चित्र आमच्या साल्यात, म्हणजे दिवाणखान्यात, लावलंय, मसासकट, कोट आणि साखळीसकट. नवीन कुणी आलं की विचारतं, हे तुमचे आजोबा का? आणि आई, कोण एवढं सगळं सांगत बसणार म्हणून, हो म्हणते.