मोनोग्रामसकट किती?

जुनी गाडी रंगवायला नेली की पेंटर आधी विचारतो, ‘शो-कंडिशन पाहिजे की चालवायला?’ ‘चालवायला’ म्हटलं की त्याचा गाडीतला रस संपतो, ‘शो’ म्हटलं की आपल्या खिशातले पैसे. वडिलांची 1975 सालची येझदी मोटरसायकल घेऊन मी पुण्यातली गॅरेजं पालथी घातली आणि ठरवलं, घासकाम घरी करायचं, रंगाची स्प्रे-गन तेवढी बाहेर मारून घ्यायची.

घासकाम म्हणजे 220 नंबरचा वॉटर पेपर, पाण्याची बादली आणि घराण्याचा इतिहास. वरचा काळा थर चुलतभावाचा. कॉलेजात त्याला मॅट फिनिश हवं होतं. त्याखाली हिरवा. हा काकांचा. फाटकाला ऑइल पेंट लावून डब्यात थोडा उरला होता, आणि आमच्याकडे उरलेलं काही वाया जात नाही. हिरव्याच्या खाली मूळचा मरून. आई चहा घेऊन आली, हिरव्याकडे बघून म्हणाली, ‘‘हाच राहू दे की, किती टिकलाय बघ!’’ टिकला होता खरा. रिमूव्हर लावला तरी जागचा हलेना.

‘स्प्रेचे दोन डबे आण, मार, विषय संपला,’ असं सांगणारे मित्र प्रत्येकाला असतात. पण त्या डब्यातल्या साध्या रंगावर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडून निघायला लागतो, आणि टाकीवर दोन थेंब न सांडता पेट्रोल भरणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून वरून टू-के क्लिअर लागतो, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट, म्हणजे गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभं राहून करायचं हे काम नाही.

गॅरेजवाल्याने ऐन पावसात गन मारली. थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि रंग पांढुरका होतो. मी टाकीवर बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘पर्ल इफेक्ट आहे साहेब. त्याचे वेगळे लावले नाहीत.’’ पुन्हा घासून मारायला तयार झाला, पण चेहरा असा की मी त्याला बिल नाही, माफी देणं लागतोय.

सोनेरी लायनिंगला मात्र खरा कलावंत मिळाला. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आता ट्रक रंगवतो. त्याने पंखा बंद करायला लावला, तंबाखू थुंकून आला, करंगळी टाकीवर टेकवली आणि लांब केसांचा ब्रश एका दमात गुडघ्याच्या रबरापासून पार पुढपर्यंत आणला. रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. मी श्वास सोडला, तेव्हा त्याने विचारलं, ‘‘मधे जागा आहे, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहू? फुकट.’’

राहिले मोनोग्राम, म्हणजे टाकीच्या दोन्ही बाजूंचे कंपनीच्या नावाचे बिल्ले. रविवारी जुन्या बाजारात गेलो. गंजक्या स्पॅनरच्या ढिगाशेजारी एक येझदी पडला होता.

‘‘एकाचे तीनशे, जोडीचे हजार.’’

‘‘जोडीला जास्त?’’

‘‘जोडी मिळत नाही ना साहेब!’’

जोडी त्याच्याकडेही नव्हती. दुसरा निघाला जावाचा. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून आधी जावा काढल्या आणि मग त्याच कारखान्यातून येझदी, हे विक्रेत्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ‘‘कंपनी एकच. आणि दोन्ही बाजूंनी एकदम कोण बघतंय?’’ या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, हजार रुपयेही नव्हते. जावाची भोकं टाकीवर जुळेनात, तो डबल टेपने चिकटवला.

परवा टपरीवर गाडी लावली. दोन आजोबा दोन बाजूंना उभे राहिले.

‘‘आमच्याकडे होती ही. जावा.’’

‘‘जावा कसली? येझदी आहे.’’

‘‘अहो, समोर लिहिलंय. वाचता येतं का?’’

‘‘येतं म्हणूनच सांगतोय!’’

मी अजून एक चहा सांगितला.