हाच रवुनी!

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयातल्या रहस्यकथेला मुखपृष्ठ नसतं. ते केव्हाच गेलेलं असतं. वर तपकिरी पुठ्ठा, पाठीला काळं कापड आणि त्यावर पांढऱ्या पट्टीत दाखल क्रमांक. शिक्का मारता मारता ग्रंथपालबाई न चुकता म्हणतात, "पानं मोजून घ्या." मी आजवर कधी मोजली नाहीत. पुस्तक घेताना पानं मोजणारा माणूस मला भेंडीची शेंडी मोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी वाटतो.

यंदा मालवणच्या चार दिवसांसाठी असंच एक घेतलं. जुना वाडा, मृत्युपत्र, पावसाळी रात्र, एक डॉक्टर, एक दिवाणजी, एक विधवा आत्या. जेवणाच्या ताटात वरण-भात असावा तशी ही मंडळी मला रहस्यकथेत लागतात. हल्ली परदेशी मालिकांमधून येतात ते गुन्हे मला सोसत नाहीत. आठ भाग नुसता बर्फ पडत असतो, पोलीसबाईंचा घटस्फोट झालेला असतो आणि शेवटपर्यंत घरात कुणी दिवा लावत नाही.

निघायच्या आदल्या रात्री वाचायला घेतलं आणि पान ४३ वर पाय घसरला. 'दिवाणजी' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला, आणि समासात लिहिलेलं: "हाच रवुनी!"

रवुनी म्हणजे काय, हे कळायला मला मिनिटभर लागलं. आधी वाटलं, कुठल्या तरी गावचा माणूस असेल. रवूचा तो रवुनी. मग लक्षात आलं की हा जुन्या वळणाचा 'ख' आहे, र आणि व एकमेकांना न चिकटलेला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि गंमत म्हणजे खून व्हायचा होता पान ५१ वर. म्हणजे कुणीतरी सगळं वाचून, पुन्हा मागे येऊन, पुढच्या वाचकांची वाट लावायला पेन्सिलीला टोक काढून बसलं होतं. दिवाणजीहून थंड डोक्याचा गुन्हेगार हाच.

त्याच्या खाली निळ्या पेनाने, दुसऱ्या अक्षरात: "नाही. नीट वाच."

आता काय करायचं? पेन्सिल खरी की पेन? आणि हा पेनवाला एका अनोळखी वाचकाला असा एकेरीत कसा झापतो?

बायकोला मी हे दाखवलं नाही. रहस्याच्या बाबतीत ती आमच्या घरातली धोकादायक व्यक्ती आहे. तिच्या शेजारी बसून गुन्हेगारी मालिका बघणं ही शिक्षा आहे, आणि ती गुन्ह्याच्या आधी भोगावी लागते. पहिल्या भागात, प्रेत पडायच्या आत, ती शेंगा सोलता सोलता बोट दाखवते. "हा." का? "अरे, एवढा ओळखीचा नट. त्याला काय चहाचा ट्रे फिरवायला घेतलाय?" दहा भागांनंतर ट्रेवालाच निघतो. म्हणून मला १९९८ साली सुरू झालेली 'सीआयडी' प्रिय. तिथे खुनी कोण याची मला फिकीरच नसते. दया दार केव्हा तोडतो एवढंच बघायचं, आणि त्यावर बायकोलाही काही करता येत नाही.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, शेवट बाहेर कुणाला सांगू नका. करोनात मध्ये खंड पडला तेवढाच. सत्तर वर्षं लोक ऐकतायत! आमच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात ते लागलं असतं, तर मध्यंतरातल्या बटाटेवड्याच्या रांगेत दुसऱ्या प्रयोगालाच निकाल लागला असता. रांगेत पुढे आमची ही असती.

ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस धरली. सोबत सासू-सासरे. सासरे जुने रहस्यकथावाले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या आपण वाचल्या असा त्यांचा दावा आहे, आणि झुंजारचं नाव निघालं की ते आपोआप हळू आवाजात बोलतात. त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक एकदा वळून पाहिलं, हसले आणि शब्दकोड्यात डोकं घातलं. शब्दकोडं ते थेट पेनाने सोडवतात. पेन्सिल वापरणं म्हणजे हार मानणं, असं त्यांचं मत आहे.

प्रवासात वाचन छान होतं, असं म्हणणारे लोक कोकण रेल्वेने गेलेले नसावेत. एक तर मांडवीत खाणं थांबत नाही. परिच्छेद संपायच्या आत कटलेट, कटलेट संपायच्या आत साबुदाणावडा, आणि तेलकट बोटांनी पान उलटायला धीर होत नाही. शिवाय बोगदे. आत्या दिवा घेऊन जिन्यावरून खाली येतेय, मागे सावली हललीय, आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर! समोरच्या आजोबांनी झोपायचं म्हणून दिवा बंद केलेला. एवढा वेळ मी आत्याला तशीच जिन्यावर उभी ठेवून काळोखात बसलो. उजेड आला तेव्हा रत्नागिरी जवळ आली होती आणि आत्या पुढच्या पानावर सुखरूप चहा पीत होती.

सहलीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. सहल म्हणजे घरी मिळत नाही ती सवड, असं माझं म्हणणं. इतरांच्या मते सहल म्हणजे सहाला उठणे. सिंधुदुर्ग किल्ला मी होडीत बसून, एक डोळा पान ११२ वर ठेवून गाठला. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली भर समुद्रात, कुरटे बेटावर जे बांधायला घेतलं, ते बघताना पुस्तक मिटलं, नाही असं नाही. पण तटावर सावली मिळाली की पुन्हा उघडलं. तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने न विचारता आकेरीला गाडी थांबवली. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली ती इथल्याच वाड्यात. "ह्यो अण्णांचो वाडो," तो अशा आवाजात म्हणाला, की मी चप्पल काढू का विचारणार होतो. सासऱ्यांनी फोटो काढून घेतला. बायको म्हणाली, "मी पहिल्याच भागाला ओळखलं होतं." मी गाडीतच बसून राहिलो. आमचा डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवत होता.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी न्हाणीघराच्या दिव्याखाली, उलट्या बादलीवर बसून शेवटाकडे आलो. दारं बंद झाली. डिटेक्टिव्हने पाइप झटकला. डॉक्टर घामाघूम, दिवाणजी खाली बघतोय. "आणि तो माणूस," डिटेक्टिव्ह म्हणाला, "या क्षणी याच खोलीत..."

पान २०८. पुढे पुठ्ठा.

मी पुठ्ठाही उलटून पाहिला. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. शिवण सैल झाली की अख्खा फर्मा हातात येतो. दोराच तेवढा लोंबत होता. भेंडी मोडून बघणाऱ्या तमाम गिऱ्हाइकांची मी बादलीवर बसल्या बसल्या मनात क्षमा मागितली. आता माझ्या हातात पुरावा एकच: पान ४३. पेन्सिल की पेन?

शेवटच्या दिवशी सकाळी बायकोने यादी हातात कोंबून मला बाजारात पुढे पाठवलं. कोकम, आगळ, काजू. दुकानदाराने यादी माझ्याच हातातून घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"ह्या रवाजं काय?"

मी बघितलं. 'रवाजं, अर्धा किलो.' खाजं. मालवणी खाजं. जुन्या वळणाचा ख, र आणि व एकमेकांना न चिकटलेला.

दुकानासमोरच्या बाकावर मी मटकन बसलो. प्रेत पडायच्या आधी आठ पानं बोट दाखवणारं माणूस जगात एकच आहे, हे मला चार दिवस सुचलं नव्हतं. तेवढ्यात ती पिशव्या घेऊन आलीच. मी पान ४३ उघडून समोर धरलं.

"हो, माझंच," ती म्हणाली. "दहावीच्या सुट्टीत वाचलेलं. खालचं बाबांचं. दाखल क्रमांकावरूनच ओळखलं मी, तू बॅगेत भरत होतास तेव्हा."

"मग चार दिवस गप्प का?"

"सांगितलं की चिडतोस."

लग्नाला चौदा वर्षं झाली. नेमकी याच पुस्तकाला तिची जीभ आवरली.

"बरं, आता सांग," मी म्हणालो. "नाही चिडणार. शेवटची पानं गेलीयत. दिवाणजीच ना?"

"मला काय माहीत? ती तेव्हाही नव्हती."

मागून सासरे आले. त्यांनी माझ्या हातातलं पान बघितलं आणि चष्मा वर केला.

"दिवाणजी नाहीच. तेव्हाच सांगितलं होतं हिला, नीट वाच म्हणून."

"मग कोण, बाबा?"

"ते नाही ठाऊक. पण दिवाणजी नाही."

"बाबा, दिवाणजीच!"

दुकानदाराने तराजूत खाजं टाकायला घेतलं होतं. तो थांबला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मला विचारलं, "अर्धो किलो देव, की यांचा मिटाची वाट बघू?"